रानडुकरांचा माग : आधी नकाशावर, मग शिवारात

भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत उतरून शेंगा भरू लागल्या, मक्याचे कणीस दुधावर आले, की अनेक गावांत जागलीचे दिवस सुरू होतात. दिवसभर राबलेला शेतकरी रात्री माळ्यावर चढतो, डबे बडवितो, विजेरीचा झोत चौफेर फिरवितो. आणि पहाटे त्याचा डोळा लागतो न लागतो तोच शेताच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला रानडुकरांचा कळप शिरून गेलेला असतो. सकाळी पाहावे तो वेल उपटलेले, माती नांगरल्यासारखी उलथलेली, आणि खाल्लेल्या पिकापेक्षा तुडविलेले पीक अधिक. विदर्भात तूर, हरभरा व सोयाबीन यांवर रोह्यांची धाड येते ती वेगळीच.

ही जागल वाया का जाते याचा शांतपणे विचार केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. राखणदार शेताच्या चारी बाजू सारख्याच धोक्याच्या मानतो. रानडुक्कर तसे मानीत नाही. त्याला दिवसा पडून राहण्यास दाट आडोसा लागतो, अंग थंड करण्यास पाणी व चिखल लागतो, आणि तेथून पिकापर्यंत फारसे उघड्यावर न येता पोचता येईल अशी वाट लागते. अशा वाटा शेताला चहूबाजूंनी नसतात. बहुधा त्या एक किंवा दोनच असतात. त्या आधी हुडकून काढल्या, तर वीस माणसांनी साऱ्या शिवाराभोवती जागण्याऐवजी चार माणसे नेमक्या जागी बसू शकतात आणि उरलेल्यांना झोप मिळते.

जुने शिकारी हेच करीत. पारध ठरली की आधी दोन-तीन दिवस ते रान पायाखाली घालीत. पाणवठे, घळी, खिंडी आणि जनावरांच्या बसण्याच्या जाळ्या पाहून ठेवीत, आणि मगच हाकाऱ्याची माणसे कोठे उभी करावयाची हे ठरवीत. अमेरिकेत परवाना घेऊन शिकार करणे आजही कायदेशीर आहे. तेथील शिकारी या पाहणीचा पहिला भाग आता घरी बसूनच उरकतात. संगणकावर वा मोबाइल फोनवर नकाशे आणि आकाशातून घेतलेली छायाचित्रे पाहून ते हरणांच्या बसण्याच्या व चरण्याच्या जागा आणि त्यांमधील अरुंद वाटा खुणावून ठेवतात, व हंगामापूर्वी त्या खुणा रानात जाऊन पडताळतात. आपल्या शेतकऱ्याला शिकारीचा शौक करावयाचा नाही. परंतु जनावराची वाट ओळखण्याची ही विद्या पीक राखण्यासही तितकीच उपयोगी आहे, आणि तिची साधने ज्याच्या हाती साधा स्मार्टफोन आहे त्याला विनामूल्य मिळू शकतात.

कायद्याची मर्यादा

पुढील विवेचनापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या देशात शिकारीस मनाई आहे, आणि अधिनियमात शिकार या शब्दाचा अर्थ बराच व्यापक आहे. बंदुकीने मारणे तर सोडाच, फास लावणे, विष घालणे, सापळ्यात पकडणे, किंबहुना त्यासाठी प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. मात्र एखादे जनावर मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाले आहे अशी खात्री पटल्यास, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कलम ११ अन्वये, कारणे नमूद करून, लेखी परवानगी देऊ शकतो. अशा परवानगीने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता ठरते. त्याच्या मांसाची वाटणी करता येत नाही.

कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रकार काही गावांत चालतो. याइतका घातक उपाय दुसरा नाही. पाणी देण्यास रात्री निघालेले शेतकरी, शेजारचे मजूर आणि गुरे अशा तारेला चिकटून दगावली आहेत; विदर्भात वाघही मेले आहेत. ज्याने तार लावली त्याच्याच घरातील माणूस गेल्याच्या घटनाही घडल्या आहेत. गावठी बाँबचे आमिषही तसेच. ते डुकराने खाल्ले नाही तर गाय किंवा कुत्रे खाते. जागल निष्फळ ठरल्याने निराश झालेला मनुष्य या मार्गांना लागतो. नेमकी वाट सापडली तर त्या निराशेस तितके कारण उरत नाही.

तीन कागद

शिवाराची पाहणी करण्यास तीन प्रकारचे नकाशे लागतात, आणि त्यांपैकी एकावर विसंबून भागत नाही.

पहिला गावनकाशा. गट क्रमांक, बांध, पाणंद आणि गावशीव या त्यावर मिळतात. तो आता महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावरही पाहता येतो. यावर चढउतार दिसत नाहीत, झाडी दिसत नाही; पण एखादी जाळी कोणाच्या गटात आहे, की ती गायरानात आहे, हे ठरविण्यास याच्याशिवाय गत्यंतर नाही. पुढे जाळी तोडण्याचा प्रश्न निघाला की पहिली विचारणा हीच होते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होते ती गावठाणातील घरांची. शेतजमिनीचे नकाशे त्यातून मिळत नाहीत.

दुसरा भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाचे नकाशे दीर्घकाळ सामान्य माणसाला सहजी मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुली नकाशामालिका निघाली, आणि फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरील बंधने आणखी सैल झाली. १ : ५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे शिवारातील ५०० मीटर, तेव्हा नकाशावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर जमीन. यावरील तपकिरी समोच्च रेषा बांधबंदिस्तीचे काम केलेल्या शेतकऱ्यास अपरिचित नाहीत. रेषा एकमेकींना खेटून असल्या की चढण उभी, विरळ असल्या की सपाटी. रेषेचे टोक चढाकडे वळले असेल तर तेथे ओहोळ किंवा घळ समजावी. टोक उताराकडे वळले असेल तर ती डोंगराची सोंड. दोन उंचवट्यांच्या मध्ये रेषा आत खेचल्या गेल्या असतील तर ती खिंड. जनावरेही माणसाप्रमाणेच उभी चढण टाळून घळीने, सोंडेने व खिंडीने जातात. त्यामुळे हा नकाशा नीट वाचणाऱ्यास निम्म्या वाटा कागदावरच सापडतात.

तिसरे साधन म्हणजे आकाशातून घेतलेले छायाचित्र. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे; गुगल अर्थवरही बहुतेक गावांची अशी छायाचित्रे दिसतात की त्यांत एकेक झाड मोजता यावे आणि पायवाट ओळखू यावी. परंतु अशी बारीक छायाचित्रे पुष्कळदा एक-दोन वर्षांपूर्वीची असतात. चित्र केव्हा घेतले ती तारीख पाहिल्याखेरीज त्यावरून अनुमान काढू नये; गतवर्षीचा ऊस यंदा कदाचित हरभऱ्याचे रान झालेले असेल. ताजे चित्र हवे असल्यास युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रे उपयोगी पडतात. ती साधारण दर पाच दिवसांनी मिळतात. मात्र त्यांतील एक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. म्हणजे एक ठिपका जवळजवळ एक गुंठा, आणि एक एकर म्हणजे चाळीस ठिपके. एवढ्या ठिपक्यांत डुक्कर दिसणार नाही, पायवाटही दिसणार नाही. परंतु ऊस उभा आहे की तुटला, जाळी किती पसरली, तळ्यात पाणी उरले आहे काय, हे निश्चित कळते. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रे पुष्कळदा निरुपयोगी ठरतात.

छायाचित्र वाचण्याची रीत

नवशिका माणूस छायाचित्रात प्रथम आपले घर शोधतो, मग आपले शेत, आणि तेथेच थांबतो. जनावराचा माग काढणाऱ्याने याच्या उलट केले पाहिजे. आपले शेत शेवटी पाहावे. प्रथम साऱ्या शिवारात आणि शिवेपलीकडील दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात आडोसा कोठे आहे ते पाहावे, कारण डुकरांचा कळप एका रात्रीत काही किलोमीटर सहज फिरतो आणि गावाची शीव त्याला ठाऊक नसते.

आडोसा ओळखण्यास उन्हाळ्यातील चित्रासारखे दुसरे चित्र नाही. नोव्हेंबरमध्ये सगळेच हिरवे दिसते. एप्रिल-मे महिन्यांत साग-धावड्याचा डोंगर निष्पर्ण होऊन करडा पडतो, पिकांची राने मोकळी होतात, आणि तरीही जे हिरवे उरते ते तीनच प्रकारचे असते: ओलिताचे पीक, ओढ्याकाठची झाडी, किंवा वेड्या बाभळीची जाळी. तीनही डुकरांच्या सोयीचेच. नोव्हेंबरचे व मेचे चित्र शेजारी-शेजारी ठेवले की जनावरांच्या उन्हाळी मुक्कामाची जागा जणू आपोआप पुढे येते. उपग्रहाच्या काही चित्रांत वनस्पती मुद्दाम तांबड्या रंगात दाखवितात, कारण हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण फार परावर्तित करतात. ते चित्र प्रथम चमत्कारिक वाटते, पण सवय झाली म्हणजे सुकलेल्या रानातून जिवंत जाळी निवडून काढण्यास तेच बरे पडते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कडा. आल्डो लिओपोल्ड या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने १९३३ साली वन्यप्राण्यांच्या व्यवस्थापनावरील आपल्या ग्रंथात असे मांडले की, जेथे दोन प्रकारची भूमी एकमेकींना भिडते, रान व शेत, गवत व झुडूप, तेथे अनेक प्राणी विशेष आढळतात. कारण अन्न व आडोसा दोन्ही तेथे थोड्या अंतरात मिळतात. महाराष्ट्रातील शिवारात अशा कडा जागोजागी आहेत. उसाचा फड संपून भुईमूग सुरू होतो ती सरळ रेषा ही अशीच एक कडा होय.

या सर्वांचा मेळ कसा घालावयाचा हे एका कल्पित गावावरून स्पष्ट होईल. गावाच्या उत्तरेस डोंगर व वनखात्याचे रान आहे. डोंगरातून उतरणारा ओढा दक्षिणेकडे वाहत जातो आणि वाटेत पूर्व-पश्चिम जाणारी डांबरी सडक ओलांडतो; सडकेखाली मोरी आहे. सडकेच्या उत्तरेस ओढ्याच्या दोन्ही अंगांना उन्हाळी भुईमूग आहे. दक्षिणेस कालव्याखालील ऊस. पश्चिमेस गायरान, त्यावर वेड्या बाभळी माजलेल्या. भुईमूगवाले शेतकरी आपली मचाणे उत्तरेच्या बांधावर घालतात व डोंगराकडे तोंड करून बसतात, कारण डुकरे जंगलातून येतात अशी सर्वांची समजूत असते.

मे महिन्याचे छायाचित्र पाहिल्यावर ही समजूत डळमळते. डोंगर बोडका, त्यावरील ओहोळ कोरडे. हिरवळ आहे ती दक्षिणेच्या उसात आणि पश्चिमेच्या गायरानात. पाणी आहे ते कालव्याच्या झिरप्याने झालेल्या डबक्यात, उसाच्या कडेला. मग उसातून भुईमुगात येण्यास वाट कोणती? सडकेवर रहदारी आहे, कडेला वस्ती आहे, घरोघरी कुत्री आहेत. उरतो तो ओढा आणि त्याची मोरी. गायरानातून येण्यास मध्ये मोकळ्या रानाचा पट्टा आहे. पण त्या पट्ट्यातून घाणेरीने भरलेला एक जुना बांध ओढ्यापर्यंत जातो. तेव्हा पाहणीच्या जागा दोनच ठरतात: मोरीचे तोंड, आणि त्या बांधाचे ओढ्याकडील टोक. जंगलाला दोष देत बसलेल्या गावाने कळप आपल्याच उसात सांभाळला आहे, असे अनेक ठिकाणी या रीतीने उघडकीस येऊ शकते.

पायांनी पडताळा

नकाशाने दाखविलेली जागा हा केवळ तर्क होय. तो खरा की खोटा हे चिखल सांगतो. खुणा पाहण्यास पहाटेची वेळ उत्तम. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाण्याची पाळी दिल्यावर अधिक उत्तम. ओल्या जमिनीत डुकराच्या दोन खुरांच्या मागे बाजूला फाकलेल्या दोन लहान खुणा उमटतात. शेळी-मेंढीच्या मागात त्या सहसा दिसत नाहीत. डबक्याकाठी लोळण्याची जागा, जवळच्या झाडाच्या बुंध्यावर गुडघाभर उंचीपर्यंत घासलेला वाळका चिखल, काटेरी तारेत अडकलेले राठ केस, या खुणा एकत्र आढळल्यास शंकेला जागा राहत नाही. रोही पुन्हापुन्हा एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो, त्यामुळे त्याचे ढीग साठलेले दिसतात. तो शेंडे खुडून खातो, माती उकरीत नाही. भुईमुगात व कंदपिकांत साळिंदरही उकरते. तेव्हा उकीर दिसली की डुकराचे नाव घेऊन मोकळे होऊ नये. माग व विष्ठा पाहून मग नोंद करावी.

प्रत्येक खूण जेथे सापडली तेथे मोबाइल फोनवर जीपीएसने स्थान नोंदवावे आणि दिनांक, वेळ व जनावराचे नाव लिहून ठेवावे. रानात फोनला संपर्क मिळेलच असे नाही. म्हणून त्या भागाचा नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून न्यावा. उघड्यावर फोनची नोंद साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. दाट झाडीत किंवा खोल घळीत ती याहून चुकते. अक्षांश-रेखांश उतरवून घेताना एक चूक वारंवार होते. १८ अंश ३० कला म्हणजे १८.५ अंश, १८.३० नव्हे. एवढ्या गल्लतीने खूण सुमारे २२ किलोमीटर दूर जाऊन पडते. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांची मोजणी एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निराळ्या पायावर झालेली असल्याने, फोनवरील बिंदू त्या पत्रकांवर थोडा सरकलेला दिसतो. तेथे ओढ्यांच्या संगमासारखी ठळक जागा पाहून ताळा करावा.

गुराखी, मेंढपाळ आणि सरपणाला जाणाऱ्या स्त्रिया यांना विचारल्याशिवाय ही पाहणी पुरी झाली असे मानू नये. उपग्रह पाच दिवसांनी एकदा वरून जातो. ही माणसे रोज जातात. त्यांना नकाशा वाचता येत नाही म्हणून त्यांना वगळणे हा कार्यकर्त्याचा दोष ठरेल. छायाचित्राची मोठी छापील प्रत ग्रामपंचायतीत भिंतीवर लावली, तिच्यावर शाळा, देऊळ आणि विहिरी दाखवून दिल्या, की थोड्याच वेळात ही मंडळी बोट ठेवून ठिकाणे दाखवू लागतात. एकेकट्याने फोनमध्ये पाहण्यापेक्षा सर्वांनी मिळून पाहिलेला कागद या कामी अधिक चांगला.

छायाचित्रातून न दिसणाऱ्याही गोष्टी आहेत. झाडांच्या शेंड्यांखाली झुडूप किती दाट आहे, ओढ्याची दरड किती उंच आहे, नव्याने घातलेली तार कोठे आहे, यांपैकी काहीही वरून कळत नाही. बिनकठड्याची विहीर गवतात झाकलेली असली तर तीही दिसत नाही. रात्री राखणीस जाणाऱ्यांच्या वाटेवरील अशा विहिरी दिवसा पाहून भिंतीवरील प्रतीवर तांबड्या शाईने दाखवाव्यात.

ड्रोनचा उपयोग मर्यादित पण खरा आहे. उभ्या मक्यात किंवा उसात आत शिरून केलेली नासधूस बांधावरून दिसत नाही. वरून घेतलेल्या चित्रात आडवे पडलेले पट्टे आणि त्यांकडे जाणाऱ्या वाटा स्पष्ट दिसतात. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाण करता येते; उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या शासकीय संकेतस्थळावर आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते ते पाहावे. अभयारण्य वा राखीव वनाच्या लगत वनखात्याला विचारल्याविना ड्रोन उडवू नये. ड्रोनने कळप पिटाळण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पिले असलेली मादी बिथरून समोर येईल त्या माणसावर धावते.

माग लागल्यावर

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी नकाशावर उतरल्या म्हणजे वाटा ठळक होतात, आणि मग उपाय कोठे करावयाचा हा वाद पुष्कळसा मिटतो. मोरीपाशी किंवा घळीच्या तोंडाशी उंच मचाण, दोघांची पाळी, प्रखर दिवा आणि आवाजाचे साधन, एवढी राखण पुष्कळदा पुरेशी होते. जमिनीवर बसून वाट अडवू नये. पिटाळलेला कळप आला त्याच वाटेने परत फिरतो. कळप बिचकून दुसरी वाट धरतो तेव्हा तीही नकाशावर शोधावी लागते, म्हणून नोंदी थांबवू नयेत.

गायरानावरील वेड्या बाभळी काढणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे व ते रोजगाराच्या कामांत बसविता येते काय हे पाहावे. निदान पिकालगतचा पट्टा तरी मोकळा करावा. परंतु त्या उत्साहात ओढ्याकाठची करंज, उंबर, जांभूळ यांसारखी जुनी झाडी तोडू नये. ती दरड धरून ठेवते.

पिकांची मांडणी हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित. उसाच्या फडाला चिकटून भुईमूग किंवा मका घेणे म्हणजे पाहुण्याच्या अंथरुणाशेजारी ताट मांडणे होय. अशा कडेला कापसासारखे कमी धोक्याचे पीक घ्यावे. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या आणि मक्याभोवती एरंडीच्या दाट ओळी लावण्याची शिफारस आहे. नकाशावर वाटेची बाजू निश्चित झाली असेल तर त्या बाजूस अधिक ओळी घ्याव्यात. उसाच्या तोडीकडेही लक्ष असावे. फड तुटला की त्यातील कळप त्याच रात्री दुसरा आडोसा शोधतो. कोणत्या गटाची तोड कोणत्या आठवड्यात आहे हे भिंतीवरील नकाशावर लिहून ठेवले, तर शेजारच्या शेतकऱ्यांना आधी सूचना मिळते.

सौर कुंपणाच्या तारेतून सुमारे सेकंदाला एक असा क्षणमात्र झटका जातो. तो जनावराला बिचकवितो, मारीत नाही. थेट विजेच्या तारेत आणि यात हा जीवन-मरणाचा फरक आहे. वनालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणास साहाय्य मिळते. त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. मात्र एकट्याने आपल्या दोन एकरांना कुंपण घातले की कळप शेजाऱ्याच्या शेतात वळतो, आणि डुकरांचे भांडण भाऊबंदकीत उतरते. आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून आडोशाच्या कडेने एकच सलग रेषा धरावी. ती कोठून कोठपर्यंत न्यावी आणि तिची टोके कोठे टेकवावीत, की वळसा घालून येता येऊ नये, हे समोच्च रेषांच्या नकाशावर ठरविता येते.

एवढे करूनही उपद्रव थांबला नाही आणि वनखात्याकडे परवानगीचा अर्ज करावयाचा झाला, तर तारीखवार खुणा असलेला नकाशा अर्जास जोडावा. केवळ फार नुकसान होते असे लिहिलेल्या कागदापेक्षा त्याचे वजन अधिक पडते. परवानगी मिळाल्यास ज्याच्या नावाने ती आहे त्यानेच, परवान्याच्या शस्त्राने आणि आदेशातील अटी पाळून काम करावे. गोळीच्या दिशेला वस्ती, सडक, पाणंद किंवा दुसऱ्याची जागल नाही आणि मागे मातीचा चढ आहे, हे आधी नकाशावर व नंतर दिवसा उजेडी त्या जागी उभे राहून पाहणे त्याचे कर्तव्य आहे.

नुकसान झालेच तर वनखात्याकडे विहित मुदतीत अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२६ च्या खरिपापासून स्थानिक जोखीम म्हणून धरण्याचा निर्णय केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे. त्यासाठी प्राण्यांची यादी व जिल्हे राज्याने अधिसूचित करावयाचे असून, शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत पीक विमा ॲपवर स्थानाची नोंद असलेल्या छायाचित्रांसह सूचना द्यावयाची आहे. हे छायाचित्र बांधावर उभे राहून काढू नये. फोनची नोंद पाच मीटर इकडेतिकडे झाली तरी छायाचित्र शेजारच्या गटात पडते. शेतात दहा-पंधरा पावले आत जावे, फोनवरील स्थान स्थिर होईपर्यंत क्षणभर थांबावे आणि मग उकरलेली जागा व उभे पीक दोन्ही येतील असे छायाचित्र घ्यावे.